हायप्रोफाइल केसमधला आरोपी कोर्टात नक्की कसा दिसतो? (एकांकिकेसाठी माहिती हवीये)

वेशभूषावाली

मंडळी, जरा मदत करा. आमच्या ग्रुपची कोर्टातली एकांकिका बसतीये आणि कपडेपट नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलाय. आरोपी एक मोठा बिल्डर, त्याची इमारत कोसळून माणसं गेलीयेत, चॅनलवर दिवसभर तोच चालू. वकील केस लढतोय आणि दुसरीकडे एक पीआरवाली मुलगी ह्याचा चेहरा सांभाळतीये, म्हणजे आज काय घालायचं, दाढी ठेवायची का काढायची, बायको शेजारी उभी राहणार का, कॅमेऱ्याकडे बघायचं का खाली मान घालायची वगैरे वगैरे.

दिग्दर्शक म्हणतो पहिल्या प्रवेशात सूट, मधे जेलचे पट्ट्यापट्ट्याचे कपडे आणि शेवटी पांढरा कुर्ता. मला हे सगळं फारच सिनेमाछाप वाटतंय. खरं काय असतं? जेलमधून आणलेल्या माणसाच्या अंगावर काय असतं, जज त्याकडे बघतात का, आणि ह्या सगळ्या दिसण्याचा केसवर काडीचा तरी परिणाम होतो का? कोणी जवळून बघितलं असेल तर बारीकसारीक तपशील द्या, मला तेच हवेत. गूगलवर सगळं अमेरिकेतलंच येतंय.

काळाकोट

मुंबई सेशन्सला प्रॅक्टिस करतो, रोज जे डोळ्यासमोर असतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे पट्ट्यापट्ट्याचे कपडे फेकून द्या. तुमचा बिल्डर अजून दोषी ठरलेला नाही, म्हणजे तो कच्चा कैदी. कच्चा कैदी स्वतःचे कपडे घालतो, १८९४ च्या प्रिझन्स ॲक्टपासून ती मुभा आहे. जेलचे कपडे शिक्षा लागल्यावर, पक्का झाल्यावर. त्यामुळे सगळी ट्रायलभर तो घरच्याच शर्टपँटमध्ये दिसणार.

पण घरचे कपडे असले तरी माणूस घरच्यासारखा दिसत नाही आणि ताई तुमचं खरं काम तिथे आहे. अटक झाली की आधी पीसीआर, म्हणजे पोलीस लॉकअप. तिथे पट्टा काढून घेतात, नाडी, बुटाच्या लेस सगळं काढून घेतात, आत कोणी जिवाचं बरंवाईट करून घेऊ नये म्हणून. आता जो माणूस आयुष्यभर पट्टा लावून फिरला, ज्याची पँट चांगल्या टेलरने पट्टा धरून शिवलीये, तो रिमांडला येतो तेव्हा एक हात सतत कमरेला असतो. पायात बिनलेसचे बूट किंवा चप्पल. मोठमोठी माणसं बघितलीयेत अशी, जजपुढे नमस्कार करायला दोन्ही हात उचलायचे की पँट धरायची ह्या विचारात. तुमच्या नटाला एवढं जरी दिलंत तरी सूट बिट काही लागणार नाही.

पुढे एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाला की जेल. आता हेअर डाय. बाहेर काळेभोर केस असणारा माणूस काही आठवड्यांनी मुळाशी पांढरा दिसायला लागतो, भांगात आधी कळतं. लोक म्हणतात टेन्शनने म्हातारा झाला, अर्धं टेन्शन आणि अर्धा डाय संपलेला असतो. दाढीचं पण तेच. आणि कपडे घरून पिशवीतून येतात, त्यामुळे शर्ट धुतलेला असतो पण घडीच्या रेषा तशाच, इस्त्रीचा पत्ता नाही.

जज बघतात का? खरं सांगू, वेळ कुठे असतो. साक्ष चालू असते, जज डिक्टेशन देतायत, समोर स्टेनोचा स्क्रीन, हातात कागद, आणि आरोपी पार मागे पिंजऱ्यात किंवा भिंतीला टेकलेल्या बाकावर. आरोपीला बोलायची वेळ येते ती शेवटी, ३१३ च्या जबाबात (आता नवीन कायद्यात ३५१), तोपर्यंत तो मुका. साक्षीदाराच्या हावभावावर जज शेरा लिहू शकतात, तशी तरतूदच आहे, पण आरोपीचा शर्ट कोणता होता हे निकालपत्रात वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

जामिनावर असलेल्या क्लायंटला मात्र आम्ही सांगतो. गॉगल गाडीत ठेवा. फोन बंद. हाताची घडी घालून उभं राहू नका. आणि ते घड्याळ काढा मनगटावरचं, मागच्या बाकावर मेलेल्यांचे नातेवाईक बसलेत.

टवाळ

सगळ्यात पॉप्युलर कॉस्चुम विसरलात की काळाकोट साहेब. हॉस्पिटलचा फिकट निळा गाऊन. आपल्याकडे मोठ्या माणसाला अटक झाली की त्याच संध्याकाळी छातीत कळ येते. बीपी, शुगर, मणका, जे मिळेल ते. वीलचेअर भाड्याने मिळते का बघा, दुसऱ्या प्रवेशाला लागेल.

वेशभूषावाली

@काळाकोट पट्ट्याचं वाचून मी दिग्दर्शकाला फोनच केला, त्याने सूटवाला विचार जवळजवळ सोडला. @टवाळ वीलचेअर आहे आमच्याकडे, मागच्या वर्षीच्या नाटकातली.

पण मग जज बघत नसतील तर हा सगळा खटाटोप कोणासाठी? पीआरवाली नाटकात ठेवण्यात अर्थ आहे का मग?

जुना_बातमीदार

गेटसाठी. खालच्या कोर्टात आपल्याकडे कॅमेरा आत जात नाही, फोटो काढता येत नाही, म्हणजे लोकांना आरोपी दिसतो तो गाडीतून किंवा पोलीस व्हॅनमधून उतरून कोर्टाच्या दारापर्यंत चालत जातो तेवढाच. मी वीसेक वर्षं कोर्ट बीट केलं, सगळी धक्काबुक्की त्या दहा-पंधरा पावलांसाठी असायची. संध्याकाळच्या बातमीत आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तेच दिसणार, आत चार तास काय झालं ते दिसत नाही. पीआरवाली मुलगी त्या पावलांची मालकीण. आता तर बऱ्याच तारखा व्हीसीवर (व्हिडिओ कॉलवर) होतात, जेलमधल्या खोलीतला एक चौकोन आणि त्यात अर्धा माणूस, त्यामुळे प्रत्यक्ष हजर करतील त्या दिवसाचा भाव अजूनच वाढलाय.

आणि एक, काळा बुरखा. पोलीस आरोपीला तोंडावर काळं कापड टाकून आणतात तेव्हा बघणाऱ्याला वाटतं तोंड लपवतोय म्हणजे केलंच असणार. प्रत्यक्षात तो प्रकार बहुतेक वेळा ओळख परेडसाठी असतो. साक्षीदाराने आधीच पेपरात फोटो बघितला तर त्या परेडला काही किंमत राहत नाही, बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. तुमच्या बिल्डरला सगळं गाव ओळखतं तेव्हा त्याला बुरखा नको, पण त्याच्या साइट सुपरवायझरला द्या. एकाच व्हॅनमधून दोघं उतरतायत, एकाचा चेहरा झाकलेला, एकाचा उघडा. बघा कसं दिसतं ते.

आता परिणाम होतो का ह्याबद्दल. ह्या शहरातच त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे आणि ते नानावटी. आजच्या पोरांना सिनेमातून माहितीये पण सिनेमे बाजूला ठेवा. २७ एप्रिल १९५९, कमांडर कावस नानावटी, आयएनएस म्हैसूरचा दोन नंबरचा अधिकारी. बायकोने प्रेम आहुजाबरोबरचं प्रकरण कबूल केलं, ह्याने बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन काहीतरी खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आधी आहुजाच्या ऑफिसात गेला, तिथे नाही म्हटल्यावर घरी, आणि बेडरूममध्ये तीन गोळ्या. मग स्वतःच पोलिसांकडे हजर.

आता कपड्यांचं बघा. हा माणूस आर्थर रोड जेलला नव्हताच, नेव्हीच्या कस्टडीत होता. कोर्टात यायचा तो पांढऱ्याशुभ्र नेव्हीच्या युनिफॉर्ममध्ये, छातीवर मेडल्स. नियमाबाहेरचं काहीच नाही ह्यात, तो नोकरीत होताच. पण पिंजऱ्यात युनिफॉर्ममधला उंचापुरा अधिकारी, आणि समोर ज्युरी, म्हणजे निकाल देणारे साधे नागरिक. बाहेर बायकांची ही गर्दी, लिपस्टिक लावलेल्या नोटा त्याच्यावर फेकल्याच्या गोष्टी आमचे सीनियर सांगायचे. करंजियांचा ब्लिट्झ हा साप्ताहिक पेपर उघडउघड नानावटीच्या बाजूने, २५ पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जात होता. रस्त्यावर आहुजा टॉवेल आणि नानावटी पिस्तूल म्हणून खेळणी विकायला होती. ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष सोडलं.

मग पुढे काय झालं ते महत्त्वाचं. सेशन्स जज मेहतांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टात ज्युरी नाही, युनिफॉर्म बघायला कोणी नाही, नुसता कागद. मार्च १९६० ला जन्मठेप. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९६१ ला तीच कायम केली आणि ते निकालपत्र वाचा, मेडल कुठेच नाही त्यात. त्यात आहे ते घड्याळ. दीडला घर सोडलं, खून चार वाजून वीस मिनिटांनी, मधे जवळजवळ तीन तास, म्हणजे रागाच्या भरात हातून झालं हे बसत नाही. आणि टॉवेल. आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल, आणि बचाव म्हणतो रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली. मग झटापटीत टॉवेल जागचा हलला कसा नाही? आरोपीच्या युनिफॉर्मवर ज्युरी भाळली, जजनी मेलेल्याचा टॉवेल बघितला.

एडिसनकर

जुना_बातमीदार काका, मस्त लिहिलंय. मी गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे आणि इथे ज्युरी असल्यामुळे हा सगळा धंदाच आहे. ज्युरी कन्सल्टंट म्हणून लोक असतात, चष्मा लावला की आरोपी कमी हिंसक वाटतो म्हणून नंबर नसलेला चष्मा लावून येतात, पैजेवर सांगतो. इथल्या सुप्रीम कोर्टाने १९७६ ला एका टेक्ससच्या केसमध्ये सांगितलं की ज्युरीसमोर आरोपीला जेलच्या कपड्यात उभं राहायची सक्ती करता येणार नाही, कारण ते कपडे बघूनच ज्युरीचं मत बनतं. म्हणजे कपड्यांनी फरक पडतो हे कोर्टानेच मान्य केलंय की.

मॅनहॅटनमध्ये २०१९ ला ती अॅना सोरोकिनची ट्रायल झाली, खोटी श्रीमंत वारस बनून हॉटेलं आणि बँका फसवल्या तिने. तिला चक्क स्टायलिस्ट होती, रोज काय घालणार ह्यावर इन्स्टा पेज. एक दिवस आवडते कपडे मिळाले नाहीत म्हणून बाईसाहेब बाहेरच येईनात, ज्युरी ताटकळली आणि जज भडकल्या. दोषी ठरलीच शेवटी बऱ्याच कलमांखाली.

आणि ओजे सिम्प्सन, घटस्फोटित बायकोच्या खुनाचा आरोप असलेला फुटबॉलपटू. १९९५ च्या जूनमध्ये सरकारी वकिलांनीच त्याला रक्ताचे ग्लोव्ह्ज घालून बघायला सांगितलं, आत लेटेक्सचे ग्लोव्ह्ज होतेच त्यामुळे ते बसेचनात, आणि सगळ्या देशासमोर तो हात वर करून दाखवतोय. सरकारी पक्षाने स्वतःच्या हाताने आरोपीचा पेहराव ठरवला आणि वाट लावून घेतली. त्याच्या आधी टाइम मासिकाने त्याचा अटकेचा फोटो कव्हरवर मुद्दाम काळपट करून छापला होता, त्यावर केवढा गदारोळ झाला. म्हणजे चेहरा काय फक्त आरोपीच मॅनेज करतो असं नाही.

काकांच्या मुद्द्याला एक जोड. हॉलिवूडचा नट जॉनी डेप. लंडनला २०२० मध्ये एकट्या जजसमोर केस चालली, द सन ह्या पेपरने ह्याला बायकोला मारहाण करणारा म्हटलं होतं, जज म्हणाले पेपरने लिहिलं ते बहुतांशी खरं आहे, डेप हरला. व्हर्जिनियात २०२२ ला ज्युरीसमोर, लाइव्ह टीव्ही, टिकटॉकवर दिवसरात्र त्याचेच व्हिडिओ, तिथे बहुतेक सगळं त्याच्या बाजूने गेलं. प्रतिवादी वेगळे होते, पुरावा पण सगळा तोच नव्हता, त्यामुळे सरळ तुलना नको. पण एकीकडे कागद वाचणारा एक माणूस आणि दुसरीकडे संध्याकाळी घरी जाऊन फोन उघडणारी ज्युरी, हा फरक होताच ना.

वेशभूषावाली

बापरे. मग आपल्याकडे ज्युरी नानावटीमुळेच बंद झाली ना? आणि ज्युरीच नाही तर पीआरवालीचा आपल्याकडे उपयोग शून्य असं धरू का?

काळाकोट

ज्युरी नानावटीमुळे बंद झाली हे सगळीकडे वाचायला मिळतं पण तसं नाहीये. लॉ कमिशनने १९५८ च्या अहवालातच ज्युरी काढून टाका म्हणून सांगितलं होतं, म्हणजे गोळी चालायच्या आधी. आणि नानावटीनंतरही काही ठिकाणी ज्युरी चालूच होती, पूर्ण गेली ती १९७३ च्या सीआरपीसीने, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने. नानावटीने फार तर तिची अब्रू घालवली. पारशी विवाहाच्या कोर्टात अजूनही तसा एक प्रकार शिल्लक आहे.

उपयोग शून्य असं मात्र मी म्हणणार नाही. चांगली वर्तणूक, चांगलं चारित्र्य हे फौजदारी खटल्यात आरोपीला दाखवता येतं, पुरावा कायद्यातच आहे. मग शिक्षेवर युक्तिवाद होतो तेव्हा हॉस्पिटलला दिलेली देणगी, ट्रस्ट, शाळा सगळं निघतं बाहेर. २०१५ ला सलमानच्या हिट अँड रन केसमध्ये सेशन्सला त्याच्या ट्रस्टचं काम मांडलं गेलंच होतं. पाच वर्षं लागली तरी. डिसेंबरात हायकोर्टाने निर्दोष सोडलं ते पुरावा पुरेसा नाही म्हणून, ट्रस्टचा त्यात काही संबंध नाही.

आणि कोर्टं कपड्यांवर कधीच बोलत नाहीत असंही नाही हां. २०२२ ला पाटणा हायकोर्टात एका आयएएस अधिकाऱ्याला कोट न घालता आलात, सिनेमाला आलायत का अशा थाटात झापलं होतं, व्हिडिओ सगळीकडे फिरला. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की सरकारी अधिकाऱ्यांच्या कपड्यांवर उगाच टिप्पणी करत बसू नका. गंमत म्हणजे हे सगळं अधिकाऱ्यांबद्दल. आरोपीने काय घालावं ह्याची कोणाला पडलेली नाही.

पीआर_मधली

मी ह्या धंद्यात आहे म्हणून थोडं. (केसेस सांगणार नाही, विचारू नका.)

पहिली गोष्ट, आम्ही काय घाला हे फार कमी सांगतो. काय घालू नका हेच जास्त. अक्षरं असलेला टीशर्ट नको, लोगो नको, नवीन काही नको, कारण नवा शर्ट टीव्हीवर नवा दिसतो. २०२० ला सुशांतसिंह प्रकरणात रिया चक्रवर्ती एनसीबीच्या (अमली पदार्थविरोधी खात्याच्या) ऑफिसला गेली तेव्हा तिच्या टीशर्टवर पितृसत्तेविरुद्ध चार ओळी होत्या. तिच्या बाजूच्या लोकांना ते धाडस वाटलं, बाकीच्यांना माज, आणि आठवडाभर आरोप काय आहेत ह्यापेक्षा टीशर्टवरच चर्चा. मार्च २०२५ ला सीबीआयने तपास बंद करायचा रिपोर्ट दिला, पण लोकांच्या डोक्यात अजून तो टीशर्ट आणि कॅमेऱ्यांच्या गर्दीत चेपलेली ती मुलगी आहे. त्याच प्रकरणातून मुंबई हायकोर्टाचा जानेवारी २०२१ चा मीडिया ट्रायलवरचा निकाल आला, दोन चॅनलांचं वार्तांकन प्रथमदर्शनी कोर्टाचा अवमान करणारं आहे असं म्हटलं होतं त्यात. आम्हाला ट्रेनिंगमध्ये तो निकाल वाचायला लावतात. चॅनलवाले वाचतात का, माहिती नाही.

दुसरी गोष्ट आणि तुझ्या नाटकाला हीच लागेल बघ. खरं भांडण कपड्यांवरून नाहीच होत, ते होतं पीआर आणि वकिलात, आणि कायम एकाच गोष्टीवरून, बोलायचं की गप्प बसायचं. इमारत पडलीये, माणसं गेलीयेत, मी म्हणणार पहिल्या चोवीस तासात बिल्डरने समोर येऊन हात जोडले पाहिजेत, माफी, कुटुंबांना मदत, हॉस्पिटलला भेट. नाहीतर त्याची जागा दुसरं कोणीतरी भरतं आणि मग काही केलं तरी उपयोग नाही. वकील म्हणणार एक शब्द बोलायचा नाही, सॉरी म्हणालास की कबूल केलंस, उद्या तीच क्लिप कोर्टात. शेवटी तडजोड म्हणून जे बाहेर पडतं ते म्हणजे "घटना अत्यंत दुर्दैवी आहे, प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने अधिक बोलणं उचित नाही, न्यायव्यवस्थेवर पूर्ण विश्वास आहे." हे वाक्य ऐकलंस की समज, रात्री दोनपर्यंत झूम कॉलवर मारामारी झालेली आहे.

बायको शेजारी उभी करायची का, हा पण मोठा प्रश्न असतो. ती रडली तर नाटक, नाही रडली तर बघा कशी दगडासारखी. साडी नेसली तर मुद्दाम, ड्रेस घातला तर हिला काय पडलंय. पुरुष आरोपीला एक पांढरा शर्ट चालून जातो, बाईला सुटकाच नाही. माझं मत विचारशील तर बायकोला पहिल्या तारखेला आणू नकोस, नंतर कधीतरी मागच्या बाकावर डबा घेऊन बसलेली दाखव.

काळाकोट

माफीबद्दल त्या म्हणतात ते शंभर टक्के बरोबर. कलम सदोष मनुष्यवधाचं लावतील, जुनं ३०४ भाग २, आता बीएनएस (नवीन दंडसंहिता) १०५. बचाव म्हणणार फार तर निष्काळजीपणा, म्हणजे जुनं ३०४ अ, आता १०६. दोन्हींच्या शिक्षेत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि तो फरक पडतो कशावर, तर बिल्डरला आधी कल्पना होती का ह्यावर. आता हा टीव्हीवर हात जोडून म्हणाला की "मला रहिवाशांनी तडे दाखवले होते, मी लक्ष द्यायला हवं होतं", झालं, संपलो आम्ही. लोकांना बरं वाटेल, आणि सरकारी वकिलाला त्याहून बरं वाटेल. म्हणून आम्ही तोंड शिवतो.

टवाळ

म्हणजे माणूस म्हणून बरा वागला तर आत आणि दगडासारखा गप्प बसला तर बाहेर. छान आहे.

ते गांधी बरे होते. १९२२ ला अहमदाबादला राजद्रोहाचा खटला, पंचा नेसून उभे, धंदा काय तर शेतकरी आणि विणकर, आणि गुन्हा कबूल करतो म्हणून मोकळे. सहा वर्षं लागली. पण आजही त्या खटल्यात पंचाच आठवतो, जज ब्रूमफील्डना विचारतो कोण.

जुना_बातमीदार

टवाळा, बोललास ते चांगलं बोललास. त्यात अजून एक घाल, १९४५ ला लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला तेव्हा नेहरूंनी कित्येक वर्षांनी बॅरिस्टरचा गाऊन चढवला. केस खरी लढवली भुलाभाई देसाईंनी, फोटो मात्र गाऊनमधल्या नेहरूंचा निघाला. वकिलाचे कपडे पण चेहराच असतो.

वेशभूषावाली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच झालंय. नानावटी कोर्टात हरला, पण सुटलाच की. हायकोर्टाचा निकाल आला त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली, त्यामुळे तो जेलऐवजी नेव्हीच्याच कस्टडीत राहिला. त्यावर सुप्रीम कोर्टात वेगळी भांडणं झाली. आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली, पुढे तो कुटुंबाला घेऊन कॅनडाला गेला. म्हणजे कोर्टात पांढऱ्या युनिफॉर्मचा उपयोग पहिल्या पायरीपर्यंतच झाला, पण कोर्टाच्या बाहेरच्या दारांवर तो शेवटपर्यंत चालला. सह्या, सभा, मोर्चेबांधणी, ब्लिट्झचे अग्रलेख, हे सगळं त्या दारांवर धडका मारत होतं. पीआरचा उपयोग असतो तो तिथे. जामीन, कस्टडी, हॉस्पिटल, पॅरोल, माफी, जिथे जिथे सहीचा अधिकार कोणातरी माणसाकडे असतो तिथे.

आणि दुसरी बाजू विसरू नकोस. प्रेम आहुजाचं सगळ्यांनी एकच चित्र रंगवलं, बायकांच्या मागे फिरणारा, पार्ट्या, दारू, श्रीमंत सिंधी. खरा कसा होता ते सांगायला तो नव्हता. त्याच्या बाजूने त्याची बहीण मामी आहुजा उभी, तिच्या बाजूने कोर्टात लक्ष ठेवायला तरुण राम जेठमलानी. माफीच्या वेळी पण गाडी तिच्याशी येऊन थांबली, तिने लेखी हरकत नाही दिलं तेव्हा पुढचं झालं, आणि सिंधी समाजाला बरं वाटावं म्हणून त्याच वेळी भाई प्रताप ह्या सिंधी व्यापाऱ्याची पण माफी मंजूर केली असं म्हणतात. जात, समाज, व्होट, सगळं होतं बघ त्यात. पारशी एकीकडे, सिंधी दुसरीकडे.

तुझ्या एकांकिकेत इमारतीखाली गेलेल्यांचं कोणी आहे का स्टेजवर? वाचून तरी वाटलं नाही. एक माणूस बसव मागच्या बाकावर, तारखेला सुट्टी काढून आलेला, ऑफिसच्या कपड्यातला, गळ्यात आयकार्ड तसंच राहिलंय. त्याला संवाद देऊ नकोस.

वेशभूषावाली

नाहीये कोणी. लेखकाला आज रात्री सांगते, तो चिडणार आहे पण बघू.

आता एक शेवटचं टेक्निकल. शेवटच्या सीनला जामीन मिळतो आणि तो कोर्टातूनच बायकोचा हात धरून बाहेर पडतो असं लिहिलंय. कपडे तेच ठेवू ना?

काळाकोट

कोर्टातून कोणी बाहेर पडत नाही हो, हे सिनेमात. जामीन मंजूर झाला तरी व्हॅन परत जेललाच जाते. मग जामीनदाराचे कागद, रिलीज ऑर्डर, आणि ती ऑर्डर आर्थर रोडच्या बाहेर जी जामीन पेटी आहे तिच्यात वेळेत पडली पाहिजे, संध्याकाळी साडेपाच उलटले की त्या दिवशी सुटका नाही. शाहरुखच्या मुलाच्या वेळी बघितलं असेल २०२१ ला, हायकोर्टाचा जामीन २८ ऑक्टोबरला आणि माणूस बाहेर ३० ला. (त्याच्यावरचे आरोप पुढच्या वर्षी एनसीबीनेच सोडून दिले.)

म्हणजे तुम्हाला मधे एक रात्र मिळते.

पीआर_मधली

आणि ती रात्र माझी. वकील झोपलेला असतो तेव्हा मी ड्रायव्हरला सांगत असते की काळ्या काचांची मोठी गाडी नको, घरातली जुनी आण, मागच्या सीटवर मुलगा नको, फटाके वाजवायला आणि हार घालायला आलेल्या कार्यकर्त्यांना गल्लीच्या तोंडाशी थांबवा. कपडे बदलायचे नाहीत. न्हावी आदल्या दिवशी जाणार नाही. दाढी तशीच, केसांच्या मुळाशी पांढरं तसंच, त्यावरच तर दोन दिवस सहानुभूती चालते. डाय करायचा तो पुढच्या तारखेच्या आधी, आणि तोही एकदम काळा नाही, तपकिरीकडे झुकणारा.

वेशभूषावाली

नटाला सांगितलं की केस वाढव आणि भांगात पांढरा रंग लावणार आहे. त्याचं पुढच्या महिन्यात लग्न आहे म्हणे. कोणाला धुतला की जाणारा पांढरा स्प्रे माहितीये का, टाळूला खाज न येणारा?